खोल्या बांधण्याआधी वही उघडा

पेण तालुक्यातील डोलवी हे गाव आज पोलादासाठी ओळखले जाते. इस्पातचा कारखाना 2010 मध्ये जेएसडब्ल्यूकडे गेला आणि पुढे त्याची क्षमता वर्षाला 50 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर नेण्यात आली. कारखाना वाढला की परगावचा कामगार येतो आणि त्याला खोली लागते. म्हणून आपल्या समाजातला निवृत्त शिक्षक, एस.टी. कर्मचारी किंवा कामगार फंडाच्या पैशातून चार खोल्या काढण्याचा विचार करतो. त्यात 2010 मध्येच पेण अर्बन बँक कोलमडली आणि ठेवीदारांचे जे हाल झाले ते या तालुक्याने पाहिले. बँकेतला पैसा बुडतो, घर कुठे जात नाही, ही समजूत त्यातून पक्की झाली असेल तर नवल नाही. परंतु घर जागेवर राहूनही मालक बुडू शकतो, हे स्पष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

समजा, चार खोल्यांना 16 लाख लागले. त्यातले 6 लाख फंडाचे, 10 लाख कर्जाचे. खोलीमागे 3 हजार भाडे धरले तर वर्षाचे 1 लाख 44 हजार होतात. प्रत्येक खोली वर्षात एक महिना रिकामी राहिली की 12 हजार गेले. घरपट्टी 4 हजार, डागडुजी 14 हजार, पाण्याचा पंप आणि सामाईक वीज 6 हजार. हाती राहिले 1 लाख 8 हजार. आता 15 वर्षे मुदतीचे 9 टक्क्यांचे कर्ज असेल तर वर्षाचे हप्तेच सुमारे 1 लाख 21 हजार 700 होतात. म्हणजे गावात घरमालक म्हणवून घ्यायचे आणि वर्षाला पावणेचौदा हजार पेन्शनमधून घालायचे! कर्ज फिटत जाते, जागेची किंमत वाढू शकते, हे खरे. पण ही तूट इतकी वर्षे सोसण्याची ताकद आहे काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आपली माणसे आयकराला घाबरतात आणि खर्चाला घाबरत नाहीत. वस्तुस्थिती उलटी आहे. भाड्यातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर 30 टक्के सरसकट सूट मिळते, कर्जाचे व्याजही वजा होते. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी करपात्र भाडे जवळपास शून्यावर येते. मात्र नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगार किंवा पेन्शनमधून वजा करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. व्याज घटत जाईल तसे करपात्र उत्पन्न वाढेल.

कागदांचे तसेच आहे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जमीन बिनशेती आहे काय, बांधकामाला परवानगी आहे काय, हे पाया खणण्यापूर्वी पाहावे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी टाळली तर वादात भाडेकरूचे म्हणणे आधी खरे धरले जाते.

हा केवळ मालकाच्या खिशाचा प्रश्न नाही. हिशेब चुकला की तूट कोणाच्या माथी मारली जाते? दहा बाय दहाच्या खोलीत आठ कंत्राटी कामगार कोंबायचे, चार खोल्यांना एक संडास ठेवायचा, पावती द्यायची नाही. त्या खोलीत राहणारा कामगार मराठवाड्यातला, विदर्भातला किंवा बिहारमधला आपल्यासारखाच कष्टकरी असतो. 1917 मध्ये बडोद्यात बाबासाहेबांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नव्हती. आज त्यांचा अनुयायी घरमालक होत असेल तर आम्हाला आनंदच आहे. पण त्याच्या दारात जात विचारली जाऊ नये आणि माणुसकीला शोभेल एवढी जागा मिळावी, ही आमची अपेक्षा आहे.

म्हणून आधी वही उघडा. दोन महिने खोल्या रिकाम्या राहतील असे धरा, संडास आणि पाण्याचा खर्च त्यातच मांडा, मग हप्ता भरता येतो का ते पाहा. भरता येत असेल तर जरूर बांधा. येत नसेल तर चारऐवजी दोनच खोल्या बांधा, पण कर्जाशिवाय बांधा. आयुष्यभराच्या घामाचा फंड शेजाऱ्याने माडी चढवली म्हणून उधळण्यासाठी नसतो!