झाकली मूठ

परवा एका आरोग्य परिसंवादात मानसशास्त्राच्या प्राध्यापिका बोलायला उभ्या राहिल्या आणि पुढच्या रांगेतल्या डॉक्टरमंडळींचे मोबाइल बाहेर आले. चहाच्या वेळी त्यांतल्या एकांनी खुलासा केला, "यांचे प्रयोग पुन्हा केले की निम्मे पडतात हो!"

पडतात. पण हे जगाला सांगितलं कोणी? मानसशास्त्रज्ञांनीच. ब्रायन नोसेक आणि सहकाऱ्यांनी आपल्याच विषयातले १०० अभ्यास पुन्हा करून २०१५ साली निकाल जाहीर केला. मुळात ९७ टक्के अभ्यास संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरले होते. दुसऱ्या फेरीत ३६ टक्के. कुठला अभ्यास, कशी कृती, काय आकडे, सगळं उघड्यावर मांडलं. विषयाची व्हायची ती शोभा झाली.

आता २०१२ पाहा. अ‍ॅमजेन या औषध कंपनीत कर्करोग संशोधनाचे प्रमुख राहिलेल्या ग्लेन बेगलींनी 'नेचर'मध्ये लिहिलं की, कंपनीने या क्षेत्रातले ५३ गाजलेले निबंध तपासले; सहा टिकले. अकरा टक्के! दोन्हींची मोजपट्टी एक नाही, मान्य. पण हे ५३ निबंध कोणते? ते गुप्ततेच्या करारात बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे नोसेक यांनी सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या 'सेंटर फॉर ओपन सायन्स'ने कर्करोगाचे निबंधही तपासायला घेतले, यादी जाहीर करून. १९३ प्रयोग करायचे ठरले, २०२१पर्यंत ५० जमले. कारण? मूळ लेखकांना विचारल्याशिवाय पुन्हा करता येईल इतकी सविस्तर कृती एकाही प्रयोगाची छापलेली नव्हती. सगळा 'मीठ अंदाजाने' कारभार! आणि विचारायला गेलं तर काही लेखकांनी दादच दिली नाही.

दहावीत जास्त टक्के मिळवणाऱ्यांचं शास्त्र खरं आणि उरलेल्यांच्या गप्पा, ही समजूत गळ्यात स्टेथोस्कोप आला तरी सुटत नाही. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला, हे रुग्णापासून आणि डॉक्टरपासूनही लपवतात ते का? दोघांचंही मन दगा देतं म्हणून. मग त्या मनाचा अभ्यास करणाऱ्यांना नाकं कशाला मुरडता?

आधी एम.डी.च्या प्रत्येक प्रबंधाला रुग्णांची नावं वगळून कच्चे आकडे जोडायची सक्ती करा. मानसशास्त्राचा हिशेब मग काढू.