साडेबारा हजार अधिक मढ

माझं घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं आणि तरीही मला उशीर होतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यामुळे भाची न्यूयॉर्कला परत निघाली त्या दिवशी तिकडून जावईबापूंनी मलाच फोन लावला. "मामा, साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमान, पंधरा-सोळा तास. बास!"

त्या 'बास'नं माझं डोकं फिरलं. हा हिशेब विमानतळ ते विमानतळ. विमानतळावर राहतं कोण?

आकडा बरोबर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला की तेवढाच भरतो. म्हणून तर विमान नकाशावर सरळ पश्चिमेला न जाता वरच्या अंगानं, युरोपवरून जातं. जाताना वारा समोरून, येताना पाठीशी, म्हणून परतीचा प्रवास थोडा लवकर उरकतो.

पण मढच्या धक्क्यापासून आपलाच विमानतळ सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटर. जुहूवरून समुद्रावर झेपावणारी विमानं इथून दिसतात. मध्ये खाडी. तरीनं गेलं तर चार-पाच मिनिटांत वर्सोवा. रस्त्यानं एरंगळ, आक्सा, मालवणी, मालाड अशी प्रदक्षिणा, वीस-बावीस किलोमीटर, तेव्हा कुठे अंधेरीच्या बाजूला लागतो. पूल होणार आहे. तो होणार आहे हे मी या सदरात आधीही लिहिलंय.

तर, दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, आणि त्या तरीत चढवायच्या की गाडीत, यावर घरात दोन तट पडलेले. तेवढ्यात शेजारच्या कोळीणकाकू पावसाआधीचे सुके बोंबील घेऊन आल्या. बॅग उघडली. बोंबील आत, दोन साड्या बाहेर. वास येऊ नये म्हणून चार पिशव्या, वर वर्तमानपत्र. पान निघालं गेल्या आठवड्याचं, म्हणजे माझंच. सौ. म्हणाली, "एवढं जाड कुणीच लिहीत नाही, वास अडेल."

काकूंनी विचारलं, "किती वाजता निघतं गो बाय?"

"रात्री दीडला. सकाळी साडेसातला तिथे."

काकूंनी बोटं मोजली. "म्हणजे सहाच तास? मग सुके कशाला, बर्फात घालून ओले दिले असते!"

मी पुढे सरसावलो. तिथलं घड्याळ सध्या आपल्या साडेनऊ तास मागे, पृथ्वी फिरते, सूर्य वगैरे. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"ते मागं करतात, तुम्ही पुढं करता. खरी वेळ मग कुणाकडं?"

तेव्हा बाहेरून तरीवाल्याची हाक आली. वेळ त्याच्याकडे होती.