किडा म्हणा, म्हणजे मारायला मोकळे

‘स्टारशिप ट्रूपर्स : अल्टिमेट बग वॉर’ हा गेम मुद्दाम नव्वदच्या दशकातल्या गेमसारखा बनवलाय. ठोकळेबाज चित्रं, हातात बंदूक, समोर अक्राळविक्राळ किडे. मध्येच खऱ्या नटांना घेऊन केलेले प्रचारपट येतात. कॅस्पर व्हॅन डीन सेनापती होऊन लढाईचे गोडवे गातो. ‘टाइमपास आहे, त्यात राजकारण कशाला शोधता?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे : शोधावं लागतच नाही. ते प्रचारपट म्हणजेच राजकारण.

१९९७ च्या मूळ सिनेमाचा दिग्दर्शक पॉल व्हरहोव्हन याचं बालपण नाझींनी बळकावलेल्या हॉलंडमध्ये गेलं. त्यानं पडद्यावरच्या अधिकाऱ्यांना नाझी वळणाचे गणवेश चढवले, मताचा हक्क फक्त सरकारी सेवा केलेल्यांना दिला आणि बातम्यांतून एकच गोष्ट घोकवून घेतली : समोरचा किडा आहे. काही समीक्षकांना ही थट्टा कळलीच नाही. त्यांनी सिनेमालाच फॅसिस्ट ठरवलं.

माणसाला किडा म्हणणं हा काही विज्ञानकथेचा शोध नाही. रवांडात रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं गेलं आणि १९९४ मध्ये सुमारे १०० दिवसांत लाखो माणसं मारली गेली. आपल्याकडे २०१८ मध्ये जाहीर सभेत घुसखोरांना वाळवी म्हटलं गेलं. घुसखोर कोण हे ठरवताना बोट कुणाकडे वळतं, ते मला, एका मुसलमानाला, कुणी समजावून सांगायची गरज नाही.

माणसांचं सोडा, खऱ्या किडीशी युद्ध केलं तरी मरतं कोण, हे आमच्या यवतमाळला विचारा. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. अनेकांकडे ना मास्क, ना हातमोजे. पंप त्यांच्या पाठीवर होता, औषध विकणाऱ्यांच्या नव्हे. त्या सिनेमातही पायदळच चिरडलं जातं. भरतीची जाहिरात मात्र चालूच राहते.

अशा गेमवर बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. पोरांना खुशाल खेळू द्या. फक्त शेजारी बसून एकदा विचारा : हा प्रचारपट खोटा आहे हे तुला लगेच कळलं. मग रात्री नऊच्या बातम्यांत, फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या व्हिडिओत तेच चालतं, तेव्हा का कळत नाही?