पर्वचा आणि पुढील इयत्ता

शालान्त परीक्षा मार्चच्या सुमारास आटोपते; कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग पावसाळ्यांत भरूं लागतात. मधल्या महिन्यांत घरोघरीं दोन पंथ दिसतात. एक पुस्तकें माळ्यावर टाकणारा. दुसरा, परीक्षा संपल्याबरोबर मुलाला अकरावीच्या शिकवणींत बसविणारा. आमच्या मतें दोन्ही पंथ मधली पायरी चुकवितात. ती पायरी उजळणीची.

उजळणी सर्वच विषयांची नको. पुढील वर्गांतील अध्यापक जें ठाऊक आहे असें गृहीत धरतील, तेवढ्याचीच करावी. विज्ञानशाखेस जाणाऱ्यानें वर्गसमीकरणें, त्रिकोणमितीचीं गुणोत्तरें, संयुजा, मोल व गतीचीं समीकरणें पक्कीं करावीं. सदिशाचे घटक पाडतांना साइन कोठें व कोसाइन कोठें, असा अडखळणारा विद्यार्थी मागें पडतो. दोष मात्र भौतिकशास्त्राला लागतो. संस्कृत घेणाऱ्यानें आधीं शब्दरूपें व धातुरूपें घोटावीं. काव्याचा रस मागाहून.

खरी कसोटी असते ती मराठींतून विज्ञान शिकलेल्या मुलामुलींची. त्वरण, संवेग, अपवर्तन हें सारें त्यांस ठाऊक असतें. परंतु नव्या वर्गांत ॲक्सिलरेशन, मोमेंटम, रिफ्रॅक्शन हे शब्द कानीं पडले म्हणजे ओळखीचा माणूस परक्या वेषांत यावा तसें होतें. पंधरवड्यांतच ‘मला विज्ञान झेपत नाहीं’ असें मूल म्हणूं लागतें, घरचेही तें खरें मानतात, आणि एक चांगली बुद्धि शाखा सोडून जाते. वस्तुतः उणीव बुद्धीची नव्हे, शब्दांची असते. वहींत एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी संज्ञा लिहून रोज 8 शब्द व्याख्यांसह केले, तर 20 दिवसांत 160 होतात.

उजळणी कशी करावी, याचें उत्तर आपल्या जुन्या पर्वचेंत आहे. दिवेलागणीस पाढे व श्लोक पुस्तकाकडे न पाहतां, वडीलधाऱ्यांसमोर, मोठ्यानें म्हणावयाचे. रोडिगर व कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं 2006 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांनीं एक उतारा पुन्हां वाचला, तर कांहींनीं तो न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं घेतलेल्या परीक्षेंत वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. नुसतें वाचून ‘येतें’ असें जें वाटतें, तें असें अल्पायुषी असतें.

तेव्हां आजी-आजोबांनीं व काका-काकूंनीं, आपणांस विषय कळत नाहीं म्हणून दूर राहूं नये. वही आपल्या हातीं घ्यावी आणि ‘त्वरण म्हणजे काय, तें आम्हांला समजेल असें सांग’ एवढेंच म्हणावें. ज्याला ठाऊक नाहीं त्याला समजावूं गेलें कीं आपली गांठ कोठें अडली आहे, तें मुलाचें मुलालाच दिसतें. तेथें पेन्सिलीनें खूण करावी आणि दुसऱ्या दिवशीं तेथूनच आरंभ करावा. रोज दोन घटका, म्हणजे सुमारें पाऊण तास, एवढा वेळ पुरे. उरलेली सुटी खुशाल खेळांत जावो.