संग्रहालयाची पेटी मुखेडच्या विहारात कधी उघडणार?

जुलै २०२५ मध्ये पिपरहवाची रत्ने भारतात परत आली. १८९८ मध्ये विल्यम पेप्पे या इंग्रज जमीनदाराने स्तूपातून काढलेला हा ठेवा त्याच वर्षीच्या मे महिन्यात हाँगकाँगमध्ये लिलावाला निघाला होता. भारत सरकारने हरकत घेतली, देशोदेशीच्या बौद्धांनी आवाज उठवला आणि लिलाव थांबला. आपल्या तरुणांनीही त्या दिवसांत मोबाईलवर भरपूर निषेध नोंदवला. ते योग्यच झाले. पण हाँगकाँगकडे डोळे लावून बसलेल्या आपल्यापैकी किती जण आजवर तेरला गेले आहेत?

घराजवळचा वारसा

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात या बाजारपेठेचे नाव येते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि तो संग्रह शासनाला दिला. त्यांच्याच नावाने तिथे शासकीय संग्रहालय उभे आहे. सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथे आहे. अशाच घडणीची एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली होती. उत्खननात तेरला विटांचा स्तूपही सापडला. तिथले त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

म्हणजे आपला इतिहास फक्त अजिंठ्याच्या डोंगरात नाही. तो आपल्या शेजारच्या व्यापारी गावातल्या कारागिरांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि उपासकांच्या हातातून गेलेला आहे. तरीही आमच्या तालुक्यातल्या रविवारच्या धम्मवर्गात 'संग्रहालय म्हणजे काय?' असे विचारले, तर मुले 'जुन्या राजांच्या तलवारी ठेवतात ती जागा' असे सांगतात. त्यात मुलांचा दोष नाही. त्यांना तिथे कोणी नेलेलेच नाही.

दार उघडे, पण कोणासाठी?

२४ ऑगस्ट २०२२ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. संग्रहालय सर्वांना खुले, सर्वसमावेशक आणि समाजाच्या सहभागाने चालणारे असावे, असे त्यात म्हटले आहे. वस्तू नीट ठेवल्या की काम संपले, ही जुनी समजूत जागतिक पातळीवर मागे पडली आहे.

आपल्या राज्यातही चांगले उदाहरण आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये 'फिरते संग्रहालय' सुरू केले. बसमध्येच प्रदर्शन मांडलेले असते, समजावून सांगणारी माणसे सोबत असतात आणि गाडी थेट शाळेच्या मैदानात येते. मोठ्या शहरातले मोठे संग्रहालय हे करू शकते, तर मराठवाड्यातल्या संग्रहालयांना शासनाने तेवढे बळ का देऊ नये?

इथे समाजशास्त्रातला एक जुना अभ्यास उपयोगी पडतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी आलँ दार्बेल यांच्यासोबत युरोपातल्या कला संग्रहालयांत कोण येते याचा अभ्यास केला. १९६६ मध्ये त्याचे पुस्तक आले. त्यांचा निष्कर्ष असा, की तिकीट माफ केल्याने गरीब माणूस आपोआप आत येत नाही. ज्याला घरी आणि शाळेत कला पाहायला शिकवले जाते, त्यालाच ती जागा आपली वाटते. बाकीच्यांना दारातच 'हे आपल्यासाठी नाही' असे वाटते. जातीच्या समाजात हा अडसर दुप्पट होतो. ज्यांना पिढ्यानपिढ्या देवळाच्या आणि वाड्याच्या बाहेर उभे केले, त्यांना दगडी इमारतीच्या दारात संकोच वाटला तर नवल नाही.

कॅलेंडरच चुकते आहे

जागतिक संग्रहालय दिन १८ मे रोजी असतो. तेव्हा आमच्याकडे शाळांना सुट्टी असते. जागतिक वारसा सप्ताह १९ ते २५ नोव्हेंबरला असतो. तेव्हा मुखेड, कंधार भागातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला कारखान्यांच्या फडावर गेलेली असतात आणि मुलेही कोपीवर असतात. म्हणजे एका कार्यक्रमाच्या वेळी शाळा बंद आणि दुसऱ्याच्या वेळी मूलच गावात नाही. शाळेच्या पटावर आधारलेला कोणताही उपक्रम या मुलांना वगळूनच पुढे जातो.

मग ही मुले आणि त्यांचे आईवडील एकत्र सापडतात कधी? वर्षावासात. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालते. टोळ्या अजून निघालेल्या नसतात. म्हाताऱ्या आजीपासून पहिलीतल्या नातीपर्यंत सगळे एका सतरंजीवर बसतात. एवढा तयार श्रोतृवर्ग कोणत्या संग्रहालयाला मिळतो?

काय मागायचे, काय करायचे

पहिली गोष्ट, प्रत्येक वेळी बस हवी असे नाही. प्रतिकृतींची एक पत्र्याची पेटी पुरेल. तेरच्या मूर्ती आणि मण्यांच्या प्रतिकृती, स्तूपाचा नकाशा, व्यापारी मार्गाचा मोठा कापडी नकाशा आणि सोप्या मराठीतली माहितीपुस्तिका. ही पेटी वर्षावासात एका विहारातून दुसऱ्या विहारात फिरू शकते.

दुसरी, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळांची वर्षातली एक सहल तेरला किंवा विभागातल्या दुसऱ्या संग्रहालयाला न्यावी. त्यासाठी समाजकल्याण आणि पुरातत्त्व विभागाने एकत्र बसायला हवे. निवेदने आपण द्यायची.

तिसरी, सांगणारी माणसे आपल्यातली तयार व्हावीत. इतिहास, समाजशास्त्र शिकलेली आपली मुले-मुली कामाच्या शोधात फिरतात. त्यांना संग्रहालयांनी प्रशिक्षण आणि मानधन द्यावे. त्रिविक्रम मंदिरासारख्या वास्तूबद्दल बोलताना भांडण नको, पुरावा हवा. तिथे आज लोक श्रद्धेने येतात, त्यांचा मान राखूनच वास्तू कशी बदलत गेली हे मुलांना सांगता येते.

चौथी गोष्ट आपल्याच हातातली आहे. वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या, म्हणून नागपूरजवळच्या चिचोलीला आज त्या पाहायला मिळतात. आमच्या नांदेड जिल्ह्यात १९७८ मध्ये नामांतरासाठी पोचीराम कांबळे, जनार्दन मवाडे यांचे बळी गेले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या काळातली पत्रके, मोर्चांचे फोटो, जलशांच्या वह्या, गाण्यांच्या कॅसेट अजून अनेक घरांत माळ्यावर पडून आहेत. कसर आणि ओल वाट पाहत नाही. ज्या आजोबांना त्या फोटोतली नावे सांगता येतात, तेही थकत चालले आहेत.

तेव्हा येत्या वर्षावासाआधी प्रत्येक गावातल्या दोन-तीन तरुणांनी अशा वस्तूंची यादी करावी, मोबाईलवर फोटो घ्यावेत, जुन्या माणसांचा आवाज नोंदवून ठेवावा आणि वस्तू मालकाच्याच घरी कोरड्या जागी ठेवायला सांगावे. ही यादी हातात असेल, तर संग्रहालयाच्या दारात आपण नुसते बघे म्हणून जाणार नाही. आपल्याकडेही दाखवण्यासारखे आणि सांगण्यासारखे काही आहे, हे घेऊन जाऊ.