कानाला पापणी नाहीं

या सदरांत आम्ही बहुधा जुने ग्रंथ, मुलांचें पाठांतर, घरांतील शिस्त अशा विषयांवर लिहितों. आजचा विषय सार्वजनिक स्वच्छतागृहांतील आहे, आणि तो कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत यावा हें कित्येक वाचकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या प्रसंगानें तो आमच्यापुढें आला त्यांत चूक आमची होती; आणि चूक आपली असली म्हणजे ती सांगण्यास सोईची जागा शोधीत बसूं नये, असें आम्हीच छत्तीस वर्षें वर्गांत मुलांना बजावीत आलों आहों.

गेल्या वैशाखांत आम्ही आमच्या भाचीसमवेत मोटारीनें पुण्याहून मुंबईस निघालों होतों. तिचा सात वर्षांचा मुलगा बरोबर होता. हा मुलगा स्वमग्न आहे. कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या रेल्वे-स्थानकांचीं नांवें तो सुलट आणि उलट बिनचूक म्हणतो. अमरकोशाचे दहा-बारा श्लोक त्यानें आमच्याकडून एका आठवड्यांत उचलले. परंतु न सांगतां कोणीं अंगाला हात लावला कीं तो दूर पळतो. वाटेंत द्रुतगति-मार्गावरील एका उपाहारगृहापाशीं आम्ही थांबलों, तेव्हां भाची म्हणाली, "मामा, तुम्ही त्याला आंत न्याल कां? पण हात वाळवायच्या त्या यंत्राजवळ नेऊं नका हं. त्याला तें मुळींच सहन होत नाहीं." आम्हीं मान डोलाविली, आणि मनांत म्हटलें, लाडानें पोर नाजूक करून ठेवलें आहे!

आंत मुलानें हात धुतले. इतक्यांत एका गृहस्थानें भिंतीवरील यंत्राखालीं हात धरले, आणि तें एकदम गर्जूं लागलें. मुलगा ओल्या हातांनीं दोन्ही कान दाबून बेसिनखालीं जाऊन बसला. आम्ही त्याला म्हणालों, "अरे, आवाज कांहीं चावत नाहीं. ये इकडे." एवढ्यावर थांबलों असतों तरी ठीक होतें. परंतु आमच्यांतील मास्तर अद्याप सेवानिवृत्त झालेला नाहीं. भीति मोडावी म्हणून आम्हीं त्याचे हात कानांवरून काढून त्या यंत्राखालीं धरले. तो जो ओरडला तो ओरडणें आम्हांला अजून ऐकूं येतें. हिसडा देऊन तो धांवला, दाराच्या कडेवर आपटला आणि कपाळाला खोंक पडली. पनवेल येईपर्यंत तो एक अक्षर बोलला नाहीं. भाचीहि आम्हांला कांहीं बोलली नाहीं, आणि तेंच अधिक लागलें. पनवेलच्या पुढें मुलगा बाहेर पाहत एवढेंच म्हणाला, "आजोबा, कानांत दुखत होतें. मीं कान झांकले होते."

घरीं आल्यावर आम्हीं या यंत्राची माहिती काढावयास आरंभ केला. खरें सांगावयाचें तर आपली कृति फारशी चुकीची नव्हती असें कोठें तरी लिहिलेलें सांपडावें, हा आमचा हेतु होता. सांपडलें तें नेमकें उलट.

कॅनडा देशांतील कॅलगरी येथील नोरा कीगन या शाळकरी मुलीनें नऊ वर्षांची असतांनाच हा विषय हातीं घेतला. अशा यंत्रांवर हात वाळविल्यानंतर आपल्या कानांत नाद घुमतो, आणि लहान मुलें तेथें कान झांकून घेतात, हें तिच्या ध्यानांत आलें होतें. तिनें २०१५ ते २०१७ या काळांत आल्बर्टा प्रांतांतील सार्वजनिक स्वच्छतागृहांतल्या ४४ यंत्रांचे आवाज मापकानें मोजले, आणि मोठ्यांच्या कानांच्या उंचीवर मोजले तसेच लहान मुलांच्या कानांच्या उंचीवरहि मोजले. कांहीं यंत्रांचा आवाज १०० डेसिबलांच्या वर गेला. त्या देशांत खेळण्यालासुद्धां १०० डेसिबलांच्या वर आवाज करण्याची मुभा नाहीं! तिचा निबंध २०१९ सालीं तेथील बालरोगविषयक वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला; तेव्हां ती तेरा वर्षांची होती. ज्या वयाच्या मुलांना आम्ही "मोठ्यांच्या मध्यें बोलूं नये" असें सांगत असूं, त्या वयाचें हें काम आहे.

येथें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें कीं डेसिबलांचें गणित बेरजेचें नसून गुणाकाराचें आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दहापट होते; ८० वरून १०० वर गेलें म्हणजे शंभरपट. शिवाय तें यंत्र मोठ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर टांगलेलें असतें. मोठ्याचा कान त्याच्यापासून हात-दीड हात वर राहतो. सात वर्षांच्या मुलाचा कान मात्र थेट त्याच्या तोंडाशीं येतो. म्हणजे आम्हीं जो आवाज ऐकला तोच त्या मुलानेंहि ऐकला, हें आमचें गृहीतच खोटें होतें.

हीं यंत्रें अगदीं नवीं आहेत असेंहि नाहीं. अमेरिकेंत १९४८ पासून तीं चांगलीं प्रचारांत आलीं. परंतु तीं ऊन हवा सावकाश सोडीत, आणि हात वाळेपर्यंत माणूस कंटाळून धोतराला किंवा विजारीला पुसून चालता होई. १९९३ सालीं जपानांत आणि २००६ सालीं इंग्लंडांत निराळ्या जातीचीं यंत्रें निघालीं. यांत पाणी उष्णतेनें सुकविण्याऐवजीं वाऱ्याच्या पातळ झोतानें हातांवरून खरवडून काढतात. कांहीं यंत्रांत या झोताचा वेग ताशीं सहाशें किलोमीटरांहून अधिक असतो. हात दहा-बारा सेकंदांत वाळतात, वीज थोडी लागते, कागद वांचतो. परंतु एवढ्या वेगाचा वारा चिंचोळ्या फटींतून काढावयाचा आणि मधें हाताची आडकाठी घालावयाची, म्हणजे किंकाळी ही आलीच.

लंडन येथील गोल्डस्मिथ्स महाविद्यालयांतले प्राध्यापक जॉन लेव्हॅक ड्रेव्हर यांनीं या किंकाळीचा पिच्छा पुरविला आहे. त्यांचे दोन मुद्दे आम्हांला फार मोलाचे वाटतात. पहिला असा कीं कारखानदार यंत्राचा आवाज मोजतो तो ध्वनि शोषून घेणाऱ्या प्रयोगशाळेंत. आणि तें लावलें जातें तें फरशा, आरसे आणि चिनी मातीचीं भांडीं यांनीं भरलेल्या लहानशा खोलींत, जेथें ध्वनीला मुरावयास जागाच नसते. दुसरा मुद्दा आम्हां संस्कृताच्या विद्यार्थ्यांना अधिक रुचण्यासारखा आहे. आवाज किती मोठा वाटतो हें ठरविण्याचें जें आंतरराष्ट्रीय मान आहे, तें १८ ते २५ वर्षें वयाच्या निरोगी कानांच्या माणसांवरून बसविलें आहे. त्या कानांत लहान मूल नाहीं, साठीचा म्हातारा नाहीं, स्वमग्न तर नाहींच नाहीं. लक्षणच अव्याप्त, मग निर्णय शुद्ध कसा निघावा?

आणि या यंत्राचा जाच केवळ स्वमग्नांनाच होतो असें नाहीं. आंधळा मनुष्य भिंत कोठें, दार कोठें हें बरेंचसें ऐकून ओळखतो. यंत्र गर्जूं लागलें म्हणजे त्याची काठी एकटी पडते. स्मृतिभ्रंश झालेलीं वृद्ध माणसें गोंधळून जातात. आमचे एक स्नेही कानाला श्रवणयंत्र लावतात. ते अशा जागीं शिरण्यापूर्वीं तें काढून खिशांत टाकतात, आणि मग बाहेर कोणी हांक मारली तरी त्यांना ती ऐकूं येत नाहीं.

स्वमग्न मुलांविषयीं तर ही गोष्ट आरंभापासून लिहिलेली होती. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन करणारा जो निबंध लिहिला, त्यांत धूळ ओढण्याचें यंत्र, उद्वाहक, अंडीं घुसळण्याचें यंत्र, फार काय नुसता वारा, यांनीं हीं मुलें कशीं भयभीत होतात याची नोंद आहे. तरीहि अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथांत, इंद्रियांना संवेदना अति किंवा अल्प होणें हें स्वमग्नतेचें लक्षण म्हणून स्पष्टपणें दाखल व्हावयास २०१३ साल उजाडलें. कॅनर यांचें आणखी एक निरीक्षण घराघरांतील आजोबांनीं वाचण्यासारखें आहे. "हा स्वतः ताट बडवून घर डोक्यावर घेतो, मग याला आवाजाचें भय कसलें?" असा आमचा नेहमींचा आक्षेप असतो. कॅनर सांगतात कीं तेंच मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज आनंदानें करतें. त्याला भय वाटतें तें बाहेरून अवचित अंगावर चालून येणाऱ्या आवाजाचें. आजचें यंत्र तर कळ दाबल्यावांचून, कोणाचा हात नुसता समोर आला कीं सुरूं होतें. तें केव्हां गर्जेल हें त्या मुलाच्या हातीं कधींच नसतें.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत इंद्रियांचा विषयांशीं अतियोग, अयोग आणि मिथ्यायोग हीं रोगाचीं कारणें सांगितलीं आहेत, आणि श्रवणाच्या अतियोगाचीं उदाहरणें म्हणून मेघगर्जना, नगाऱ्याचा नाद, मोठी आरोळी हीं दिलीं आहेत. आम्हीं तें प्रकरण तीन वेळां वाचलें असेल. तेथील 'असात्म्य' हा शब्दहि आम्हांला पाठ होता. जें एकाला मानवतें तें दुसऱ्याला मानवेलच असें नाहीं, हा त्यांतील अर्थ मात्र स्वच्छतागृहांत आठवला नाहीं. नैयायिकांचें तर आणखी पुढें आहे. दुसऱ्याच्या कानांतील वेदना आपणांस प्रत्यक्ष होत नाहीं. तेथें शब्द हेंच प्रमाण. आणि आप्त कोण? जो स्वतः जाणतो आणि जसें आहे तसें सांगतो तो. वात्स्यायनांनीं तर हें लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेंच्छांनाहि सारखेंच लावलें आहे. मग सात वर्षांच्या मुलानें स्वतःच्या कानाविषयीं सांगितलें तें आम्हीं कोणत्या न्यायानें अप्रमाण ठरविलें?

हें लिहितांना एक जुनी गोष्ट वर आली. ती लपविणें बरें नव्हे. आमच्या शाळेंत पितळी घंटा नव्हती. व्हरांड्यांत रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि शिपाई तो लोखंडी सळईनें ठोकी. पांचवींतील एक मुलगा तास संपण्याच्या सुमारास, टोल पडण्यापूर्वींच, कानांत बोटें घालून बसे. मुलें हंसत. आम्हांला तो खोडसाळपणा वाटला. आम्हीं त्याला आठ दिवस प्रत्येक टोलाच्या वेळीं त्या रुळाशेजारीं उभें केलें. आठ दिवसांनीं त्यानें बोटें घालणें सोडलें, आणि हा दाखला आम्हीं पुढें कित्येक वर्षें नव्या शिक्षकांना अभिमानानें सांगितला. वर्ष संपण्यापूर्वीं त्याच्या वडिलांनीं त्याचें नांव काढून दाखला नेला, हा भाग आम्ही सांगत नसूं. त्यांनीं कारण निराळेंच दिलें, आणि आम्हींहि अधिक विचारलें नाहीं.

यंत्रें उखडून टाका असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जेथें तें आहे तेथें शेजारीं कागद किंवा कापड असावें. तें कळ दाबल्याशिवाय सुरूं होऊं नये. दाराच्या आणि बेसिनांच्या अगदीं लगत नसावें. आणि विकत घेणारानें खोक्यावरच्या आंकड्यावर न विसंबतां तें आपल्याच फरशीच्या खोलींत चालवून, मुलाच्या उंचीवर वांकून, एकदां ऐकावें. यांत मोठा खर्च नाहीं. आपल्या देशांत २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे. तथापि सोय म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें उतार आणि कठडा एवढेंच येतें. ज्या दवाखान्यांत अशा मुलांना तपासण्यासाठीं आणतात त्यांच्याहि भिंतीवर हें यंत्र आम्हीं पाहिलें आहे.

गेल्या पंधरवड्यांत तो मुलगा आईबरोबर आमच्याकडे आला होता. आम्ही तिघें एका वस्तुसंग्रहालयांत गेलों. स्वच्छतागृहाच्या दारापाशीं तो थांबला आणि म्हणाला, "आजोबा, आधीं तुम्ही जा. यंत्र आहे कां तें बघून या." आम्ही आंत जाऊन पाहून आलों. "आहे," आम्ही म्हणालों. त्यानें आमच्याकडे बराच वेळ पाहिलें. मग बाहेर बागेंत नळ होता तेथें आम्ही गेलों. त्यानें हात धुतले, आणि आम्हीं पिशवींतून पंचा काढून त्याच्यापुढें धरला. हात पुसणें त्यानें स्वतःच केलें.