महासंगणक जनतेचा, परवाना कोणाचा?

१९ फेब्रुवारी २०१९ रोजी वाराणसी येथे, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, ‘परम शिवाय’ या महासंगणकाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली देशात जुळणी करून बसविलेला हा पहिला महासंगणक. २०१५ साली मंजूर झालेल्या या अभियानासाठी ४,५०० कोटी रुपयांचा आराखडा आखण्यात आला होता, आणि ‘परम शिवाय’च्या उभारणीची जबाबदारी पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने पार पाडली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हव्या त्या ताकदीचा क्रे महासंगणक भारताला देण्यास अमेरिकेने नकार दिला. त्या पार्श्वभूमीवर १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ उभा करून तिने त्या नकाराला उत्तर दिले. ज्या संस्थेचा जन्मच परावलंबनाच्या कटू अनुभवातून झाला, तिने वाराणसीत हे यंत्र उभारावे यात औचित्य होते.

परंतु यंत्र देशात जुळविले, जागा सरकारी आहे आणि पैसा जनतेचा आहे, एवढ्याने स्वावलंबनाचा प्रश्न सुटत नाही. यंत्र चालते ते सॉफ्टवेअरवर, आणि सॉफ्टवेअर चालते ते परवान्यावर. ‘परम शिवाय’ची उभारणी झाली ती सेंटओएस ७ या लिनक्स कार्यप्रणालीवर. ही निवड त्या वेळी सर्वथा योग्य होती. जगभरातील विद्यापीठे आणि प्रयोगशाळा तीच प्रणाली वापरत होत्या. ती विनामूल्य होती, तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येत होती आणि कोणत्याही कंपनीची वर्गणी भरावी लागत नव्हती. पुढे त्या प्रणालीचे जे झाले, त्यातून मुक्त सॉफ्टवेअर आणि व्यापारी परवाना यांच्यातील खरा संबंध उघड होतो. म्हणूनच तो इतिहास केवळ तंत्रज्ञांपुरता सोडून देण्याजोगा नाही.

नाव विकत घेतले, वचन बुडाले

अमेरिकेतील रेड हॅट ही कंपनी लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली वार्षिक वर्गणी घेऊन पुरविते. त्या प्रणालीची मूळ आज्ञावली कंपनी जाहीरपणे प्रसिद्ध करीत असे. त्या आज्ञावलीवरून काही तंत्रज्ञांनी २००४ पासून, कंपनीच्या मालाशी मिळतीजुळती पण विनामूल्य, अशी सेंटओएस ही प्रणाली बांधून लोकांना देण्यास सुरुवात केली. २०१४ साली रेड हॅटने हा प्रकल्प आपल्या छत्राखाली घेतला. प्रमुख तंत्रज्ञ कंपनीच्या नोकरीत गेले आणि प्रकल्पाचे नावही कंपनीकडे गेले. जुलै २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३,४०० कोटी डॉलर मोजून रेड हॅटच विकत घेतली. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की, सेंटओएसची आठवी आवृत्ती, जी २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे गृहीत धरून लोकांनी बसविली होती, ती २०२१ च्या अखेरीस बंद होईल. सातव्या आवृत्तीची देखभाल ठरल्या मुदतीप्रमाणे ३० जून २०२४ रोजी संपली. मात्र तिच्यानंतर जिच्याकडे जायचे ती वाट आधीच बंद करण्यात आली होती. जून २०२३ मध्ये कंपनीने आणखी एक पाऊल टाकले: आपल्या व्यापारी प्रणालीची नेमकी मूळ आज्ञावली यापुढे फक्त ग्राहकांना मिळेल असे तिने जाहीर केले.

या सर्व व्यवहारात परवान्याचा भंग झाला नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे. मुक्त परवाना सांगतो की, ज्याला कार्यक्रम दिला त्याला त्याची मूळ आज्ञावली दिली पाहिजे. साऱ्या जगाला दिली पाहिजे असे तो सांगत नाही. ग्राहक ती पुढे वाटू शकतो, हे खरे. परंतु त्याने तसे केल्यास त्याची वर्गणी बंद करण्याचा अधिकार कंपनीने ग्राहकाशी केलेल्या करारात राखून ठेवला आहे. म्हणजे परवान्याने जे एका हाताने दिले, ते कराराने दुसऱ्या हाताने आवळले.

तरीही या कथेची दुसरी बाजू विसरता कामा नये. २०२१ साली अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन विनामूल्य प्रणाली उभ्या राहिल्या. आज्ञावली बंदिस्त असती तर हे अशक्य होते. मुक्त परवान्याने वापरणाऱ्यांना निघून जाण्याचा आणि नवे घर बांधण्याचा हक्क दिला होता. तो हक्क मोलाचा आहे; पण घर बांधण्याचे श्रम, ते वर्षानुवर्षे सांभाळण्याची हमी आणि प्रकल्पाचे नाव या गोष्टी त्या परवान्यात कधीच नव्हत्या.

एकाच मालाला दोन परवाने

सॉफ्टवेअर प्रारंभापासून विकत घेण्याची वस्तू होती, हा गैरसमज आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्राबरोबर आज्ञावलीही वेगळे मोल न घेता येत असे. १९६९ साली कंपनीने तिचे मोल वेगळे आकारण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र बाजाराला जोर आला. पुढे आज्ञावली झाकून ठेवणे हाच नियम बनला. त्या नियमाविरुद्ध रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८९ साली ‘जनरल पब्लिक लायसन्स’, म्हणजेच जीपीएल हा सार्वजनिक परवाना पुढे आला. कार्यक्रम चालविणे, त्याचा अभ्यास करणे, तो बदलणे आणि इतरांना देणे ही चार स्वातंत्र्ये त्याने दिली; अट एवढीच घातली की, जो तो बदलून पुढे देईल त्याने आपले बदलही त्याच अटींवर दिले पाहिजेत. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि येथे अभिप्रेत आहे तो दुसरा.

ही अट व्यापारी कंपन्यांना जाचक वाटते, आणि त्या जाचातूनच दुहेरी परवान्याचा धंदा जन्मास आला. मायएसक्यूएल या माहितीसाठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्यावे. ज्याला आपली आज्ञावली खुली ठेवण्यास हरकत नाही त्याने ते जीपीएलखाली मोफत घ्यावे. ज्याला ते आपल्या बंदिस्त मालात घालून विकायचे आहे त्याने पैसे देऊन व्यापारी परवाना घ्यावा. वरकरणी हा न्याय्य सौदा दिसतो. जो समाजाला परत देतो त्याला मोफत, जो देत नाही त्याच्याकडून मोबदला. या पैशातून कामगार तंत्रज्ञांचे पगार निघतात, हेही नाकारण्याचे कारण नाही.

पण या सौद्याची एक पूर्वअट आहे. एकच माल दोन अटींवर विकायचा तर त्याचा संपूर्ण कॉपीराइट, म्हणजे स्वामित्वहक्क, एकाच हाती असावा लागतो, किंवा निदान तो हव्या त्या अटींवर देण्याचा अधिकार तरी एकाच हाती असावा लागतो. म्हणून अशा कंपन्या बाहेरून मदत करणाऱ्या प्रत्येकाकडून करार लिहून घेतात: तुम्ही दिलेल्या आज्ञावलीवर कंपनीला वाटेल त्या परवान्याचा हक्क राहील. मदत करणारा आपले श्रम समाजाला देत आहे असे समजतो. कागदावर तो ते कंपनीच्या हवाली करीत असतो. आणि कंपनी ही विकाऊ वस्तू आहे. मायएसक्यूएल २००८ साली सुमारे १०० कोटी डॉलरना सन या कंपनीने घेतली, आणि २०१० साली सनसह ती ओरॅकलच्या ताब्यात गेली. मोफत आवृत्ती अद्याप आहे; पण जिच्या मुख्य व्यापाराशी तिची स्पर्धा आहे त्याच कंपनीच्या हाती तिची सूत्रे आहेत. ही भीती ओळखूनच मूळ निर्मात्यांपैकी एकाने २००९ साली मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली.

अलीकडचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीने, संगणकांचे मोठे ताफे उभारण्यासाठी जगभर वापरले जाणारे आपले टेराफॉर्म हे सॉफ्टवेअर, मुक्त परवान्यावरून काढून व्यापारी निर्बंध असलेल्या परवान्यावर नेले. बाहेरच्यांनी सही केलेले करार तिच्या हाती होते. कोणाला विचारण्याची गरज पडली नाही. २०२५ च्या प्रारंभी तीही आयबीएमच्या मालकीची झाली. याउलट लिनक्सचा गाभा पाहावा. १९९१ पासून हजारो व्यक्तींनी आणि संस्थांनी त्यात भर घातली, पण प्रत्येकाने आपला स्वामित्वहक्क आपल्याकडेच ठेवला. परवाना बदलायचा तर त्या सर्वांची संमती हवी. ती मिळविणे कोणत्याही धनाढ्य कंपनीला शक्य नाही. लिनक्सला विखुरलेल्या मालकीने तारले आहे. परवान्यात काय लिहिले आहे, हा अर्धा प्रश्न. तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा उरलेला अर्धा.

कंपन्यांचा एक युक्तिवाद मात्र विचारात घेतला पाहिजे. ॲमेझॉनसारख्या मक्तेदार कंपन्या मुक्त सॉफ्टवेअर घेऊन त्याची भाड्याने सेवा विकतात, अमाप नफा मिळवितात आणि ते लिहिणाऱ्यांना काही देत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे. तक्रारीत तथ्य आहे. परंतु त्यावर उपाय परवाना बंदिस्त करणे हा नव्हे. सेवा विकणाऱ्यालाही आपले बदल खुले करण्यास भाग पाडणारा एजीपीएल हा परवाना २००७ पासून उपलब्ध आहे. बड्या माशाशी भांडण आहे म्हणून मधल्या माशाने तळ्यालाच कुंपण घालावे, हे समर्थनीय ठरत नाही.

बनारसच्या नक्शाचा धडा

हा प्रश्न वाराणसीला नवा नाही. तेथील विणकरीत नक्शाबंद हा कारागीर शतकांपासून आहे. कागदावरील वेलबुट्टी तो धाग्यांच्या बांधणीत उतरवितो. ती बांधणी मागावर चढली की, ताण्याचा कोणता धागा केव्हा उचलायचा हे तीच सांगते. एका नक्शावर कितीतरी साड्या विणता येतात. पुढे जॅकार्डच्या मागावर हेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी केले, आणि त्याच पुठ्ठ्यांवरून चार्ल्स बॅबेज यांना आपल्या गणनयंत्राला आज्ञा देण्याची कल्पना सुचली. नक्शा ही आज्ञावलीच आहे. नक्शाबंदाला मोबदला एका नक्शाचा आणि व्यापाऱ्याला नफा त्यावर निघणाऱ्या प्रत्येक साडीचा, हा हिशेब सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला अपरिचित वाटू नये.

२००९ साली बनारसच्या साड्यांना आणि किनखापाला भौगोलिक मानांकन मिळाले. ते एका कोठीवाल्याच्या नावावर मिळाले नाही; अनेक संस्थांनी मिळून ते मिळविले. आणि १९९९ च्या संबंधित कायद्याचे कलम २४ सांगते की, हा हक्क विकता, हस्तांतरित करता किंवा गहाण ठेवता येत नाही. केवळ मानांकनाने विणकराची मजुरी वाढली नाही, यंत्रमागावरच्या नकलाही थांबल्या नाहीत. याबद्दल भ्रम नसावा. तरीही त्यातील तत्त्व मोलाचे आहे. समूहाच्या श्रमातून निर्माण झालेली वस्तू एकाच्या सहीने विकली जाऊ नये, हे तत्त्व भारतीय कायद्याने साडीच्या बाबतीत मान्य केले आहे. जनतेच्या पैशातून लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावलीच्या बाबतीत ते मान्य करण्यास कोणती अडचण आहे?

काय केले पाहिजे

२०१५ साली केंद्र सरकारने धोरण जाहीर केले की, सरकारी यंत्रणांनी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे आणि ते न घेतल्यास कारण नोंदवावे. सरकारी कामासाठी लिहिलेली आज्ञावली खुली करण्याचे धोरणही त्याच वर्षी आले. धोरणे चांगली आहेत. पण मालकी कोणाकडे आणि देखभाल कोण करणार, ही दोन सूत्रे पक्की केल्याखेरीज ती अपुरी राहतील.

म्हणून पहिली गोष्ट ही की, सार्वजनिक निधीतून लिहिलेली प्रत्येक आज्ञावली जीपीएल किंवा एजीपीएलसारख्या, पुन्हा बंदिस्त न करता येणाऱ्या परवान्याखाली प्रसिद्ध झाली पाहिजे. दुसरी, सरकारी संस्थांतील आणि विद्यापीठांतील तंत्रज्ञांनी आपल्या श्रमाचे अमर्याद हक्क कोणत्याही कंपनीला लिहून देऊ नयेत, असा स्पष्ट नियम हवा. तिसरी, दुहेरी परवान्याचे सॉफ्टवेअर घेताना, कंपनी विकली गेली किंवा तिने परवाना बदलला तर घेतलेल्या आवृत्तीचे काय, हे निविदेतच लिहिलेले असावे. आणि चौथी व सर्वांत महत्त्वाची: देखभाल हे काम आहे, आणि कामाला माणसे लागतात. सी-डॅकने बॉस ही लिनक्स प्रणाली तयार केली. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणालीवर लक्षावधी विद्यार्थ्यांना संगणक शिकवून दाखविला. क्षमता देशात आहे. ती कंत्राटी नेमणुकांवर आणि मुदत संपणाऱ्या प्रकल्पांवर टिकणार नाही. महासंगणकाच्या प्रणालीची दहा-दहा वर्षे देखभाल करतील अशा कायम नोकरीतील तंत्रज्ञांची तुकडी उभी करावी लागेल.

‘परम ८०००’च्या काळी परकीय सरकारने यंत्र अडविले, तेव्हा देश खडबडून जागा झाला. आज कोणी यंत्र अडवीत नाही. एका दूरच्या कंपनीच्या संचालक मंडळात एक ठराव होतो आणि वाराणसीपासून पुण्यापर्यंतच्या प्रयोगशाळांपुढे वाट बदलण्याचा प्रश्न उभा राहतो. हे परावलंबन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते कमी घातक ठरत नाही.